सदतीस कॉम्प्युटर घालवायचे होते

गेल्या शुक्रवारी, १६ जानेवारीला दुपारी सव्वाचारला, आमच्या ऑफिसच्या मागच्या फाटकातून एक टेम्पो बाहेर पडला. आत ३७ जुने सीपीयू, २९ मॉनिटर, ११ प्रिंटर आणि वायरींचं एक गाठोडं. हुकूम निघाला होता २० मार्च २०२५ ला. म्हणजे दहा महिन्यांना चार दिवस कमी. एवढ्या दिवसांत लोक घर बांधून वास्तुशांतीचं जेवण घालून मोकळे होतात.

मार्चमध्ये मी माहिती शोधायला बसले तेव्हा नियम सापडले, परिपत्रकं सापडली. पण नियम वाचून झाल्यावर उद्या सकाळी दहा वाजता नेमकं काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. निकामी सरकारी माल नोंदवहीतून कमी करून घालवण्याला महाराष्ट्रातल्या ऑफिसांत निर्लेखन म्हणतात, आमच्याकडे मध्य प्रदेशात अपलेखन. नाव वेगळं असलं तरी डोकेदुखी तीच असणार. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

मी इंदूरमधल्या एका सरकारी ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. पदाचं नाव कागदावर लांबलचक आहे, तीन मजल्यांवर मात्र मी नुसती 'कॉम्प्युटरवाली मॅडम'. पगार एजन्सीकडून येतो, म्हणजे मी आउटसोर्स. पीजीडीसीए हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, सीपीसीटी ही कॉम्प्युटर-टायपिंगची सरकारी परीक्षा दिली, आणि गेली सात वर्षं इथे आहे. महिन्याच्या वीस तारखेपासून पगाराची बिलं आयएफएमआयएस या सरकारी खजिन्याच्या पोर्टलवर चढेपर्यंत माझा फोन खाली ठेवता येत नाही. कुणाचा डिजिटल सहीचा टोकन कॉम्प्युटरला दिसत नाही, कुणी चुकीचा पिन घालून घालून तो लॉक केलाय, कुणाच्या प्रिंटरमध्ये अर्धा कागद अडकलाय आणि उरलेला अर्धा त्यांनी आधीच ओढून फाडलाय. हे रोजचं. याची मला भीती वाटत नाही. भीती वाटली ती या नस्तीची, म्हणजे अपलेखनाच्या फाइलची.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, हाताच्या रेषांतला गुलाबी रंग अजून गेलेला नसताना, बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, बोलावलं. "मॅडम, भंडार कक्ष खाली चाहिए." म्हणजे स्टोअररूम रिकामी हवी. ऑक्टोबरमध्ये विंडोज १० बंद पडणार असं कुणीतरी मीटिंगमध्ये सांगितलं होतं. नवे कॉम्प्युटर येणार, मग आत्ताचे जुने ठेवायचे कुठे? भंडार कक्षात. पण तिथे तर त्याहून जुने आधीच छताला टेकलेले. तेव्हा आधी ते घालवा. वाक्य एवढंच होतं, आणि ते बोलताना त्यांचं लक्ष चहाकडे होतं.

एप्रिल मी चालू असलेल्या यंत्रांच्या यादीत घालवला. विंडोज १० बंद पडणार म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला सुरक्षेचे फुकट अपडेट मिळणार नाहीत. कॉम्प्युटर चालतच राहतो, म्हणून लोकांना ते पटत नाही. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट लागतं. पिढी ओळखायला इंजिनिअर लागत नाही. आय थ्रीच्या पुढचा चार आकडी नंबर ४ ने सुरू झाला तर चौथी पिढी, ८ ने सुरू झाला तर आठवी. आमच्या ५८ यंत्रांपैकी २२ थेट पास झाली. आणखी ९ नापास दिसत होती ती केवळ बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, टीपीएम बंद ठेवल्यामुळे. इंटेलच्या बोर्डावर ते 'पीटीटी' नावाने लपलेलं असतं, तिथे ते चालू केलं. त्यातल्या काहींची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होती, ती विंडोजमधल्याच एका कमांडने नव्या जीपीटी पद्धतीची करून घेतली. (आधी बॅकअप. मी एकदा घेतला नव्हता, म्हणून सांगते.) उरली २७. पैसे भरून अपडेट चालू ठेवायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे, पण संस्थांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, आणि पुढे दर वर्षी दुप्पट. हे मी नोटशीटवर लिहिलं आणि पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही.

आता भंडार कक्ष. १४ मे ला भौतिक सत्यापनाची, म्हणजे माल प्रत्यक्ष मोजून ताडायची, समिती बसली. तीन सदस्य, तिघेही नियमित कर्मचारी. मी आउटसोर्स, त्यामुळे समितीत नाही. पंजीवर, म्हणजे मालाच्या नोंदवहीवर, सही करायचा मला अधिकार नाही, पण कुठला डबा कुठला हे सांगू शकणारी मी एकटीच. पुढचे आठ महिने हेच चाललं. यादी माझी, अहवालाचा मजकूर माझा, खाली सही दुसऱ्याची, आणि शंका आली की फोन परत मला. मी एक सवय लावून घेतली. दिलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी पीडीएफ करून ऑफिसच्या ईमेलवर संबंधितांना पाठवायचा. मराठीत सांगायचं तर आपलं आपण बघायचं. ही सवय पुढे दोनदा कामी आली.

भंडार पंजीत अपलेखनाच्या लायक ३९ कॉम्प्युटर होते. खोलीत मोजले, ३७. परत मोजले, ३७. धूळ इतकी की दुसऱ्या मोजणीनंतर समितीतल्या एका सरांनी "बाकीचं तुम्हीच बघा" म्हणून रुमाल नाकाला लावला आणि गेले. डब्यांवर नंबर पांढऱ्या ऑइलपेंटने घातलेले, निम्मे पुसलेले. मी मोबाइलच्या टॉर्चने तिरपा उजेड पाडून वाचले. रंग गेला असला तरी ब्रशचा उठाव राहतो, तिरप्या उजेडात तो दिसतो. ३६ नंबर जुळले. सदतिसाव्या डब्यावर चक्क दुसऱ्याच ऑफिसचा नंबर होता. म्हणजे आमच्या पंजीतल्या तीन नोंदींचा पत्ता नाही, आणि खोलीत एक पाहुणा.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ३० हजारांचं यंत्र सापडलं नाही तर वसुली कुणाकडून होईल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. आईने विचारलं, "काय गं, ताप आहे का?" म्हटलं, नाही, कॉम्प्युटर हरवलेत. ती म्हणाली, "एवढाली धुडं हरवतील कशी? कुठेतरी असतीलच." तिच्या या वाक्यावर मी पुढचे चार आठवडे काढले.

पहिली नोंद सर्वात सोपी निघाली. २००९ चं मूळ बिल लेखा शाखेच्या कपाटात सापडलं, त्यात कॉम्प्युटर नव्हताच, यूपीएस होता. कुणीतरी पंजीच्या चुकीच्या पानावर उतरवलेला. दुरुस्तीची टीप, तीन सह्या, नऊ दिवस.

दुसरी नोंद देपालपूरला, इंदूर जिल्ह्यातल्याच एका गावी. पंजीत बारीक अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं, 'देपालपूर को दिया', तारीख नाही, पावती नाही. फोनवर तिथले बाबू म्हणाले, आमच्याकडे असं काही नाही. मी एका शनिवारी बसने गेले. आउटसोर्सला प्रवासभत्ता नसतो, भाडं माझंच. तिथल्या ऑफिसात एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली आमचा डबा होता. कव्हर काढलं तर दर्शनी भागावर कुंकवाचं स्वस्तिक आणि मागच्या दसऱ्याची वाळून काटक्या झालेली झेंडूची माळ. आणि तो चालू होता! विंडोज ७ वर, इंटरनेट नाही, फक्त जावक नोंदी. तिथल्या भृत्य दादांनी मला दम दिला, "मॅडम, याला हात नका लावू, हा एकच आहे जो कधी बंद पडत नाही." मी हात लावला नाही. मागच्या बाजूच्या स्टिकरचा फोटो घेतला, सिरियल नंबर बिलाशी जुळवला, आणि परतताना बसमध्ये पहिल्यांदा बरं वाटलं. तो डबा हस्तांतरण दाखवून त्यांच्या पंजीत गेला. बहुधा अजून चालू असेल.

तिसरी नोंद म्हणजे तो पाहुणा. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत डेटा एंट्रीसाठी वेगवेगळ्या ऑफिसांतून कॉम्प्युटर मागवले होते. परत येताना अदलाबदल झाली. आमचा त्यांच्याकडे गेला, त्यांचा आमच्याकडे आला. मी त्या ऑफिसात पत्र घेऊन गेले, तर कळलं की त्यांनी आमचा डबा स्वतःचा समजून २०२१ मध्येच अपलेखित करून टाकलाय. आमचा कॉम्प्युटर दुसऱ्याच्या नावाने केव्हाच वारला होता, आणि आम्ही त्याची वाट बघत होतो. तसं लिहून द्या म्हटलं तर तीन आठवडे कुणी सही करेना, कारण लिहून दिलं की चूक कबूल केल्यासारखं. शेवटी दोन्हीकडच्या बडे बाबूंनी फोनवर बोलून 'निर्वाचन कार्य के दौरान अदला-बदली' असा शब्दप्रयोग शोधला, ज्यात चूक कुणाचीच नव्हती. सही झाली ती १८ जूनला.

मग डबे उघडले. ३७ पैकी १४ मध्ये रॅम नव्हती.

त्या दिवशी मी जिन्यात जाऊन रडले. चोरीचा संशय आला की तो आधी कंत्राटी माणसावर येतो, हे काही लपलेलं नाही. पण खरी गोष्ट अजून लाजिरवाणी होती. त्या १४ पैकी दोन रॅम मीच काढल्या होत्या, २०२२ मध्ये, पगाराच्या बिलाच्या आदल्या संध्याकाळी लेखा शाखेचा कॉम्प्युटर उठेना म्हणून. भंडारातल्या मेलेल्या डब्यातून काढून घातल्या, बिलं गेली, सगळे खूश. आणि मी कुठेही लिहून ठेवलं नाही. माझ्या आधीच्या माणसाने आणि देखभालीच्या ठेकेदाराच्या पोरांनी तेच केलं असणार. मी चालू यंत्रं एकेक उघडून बघितली. कुठे बिलापेक्षा जास्त रॅम आहे, कुठली वेगळ्या कंपनीची आहे. ९ सापडल्या. पाचांचा पत्ता लागला नाही. पंचनाम्यात समितीने 'रॅम नसलेल्या अवस्थेत आढळले' एवढंच लिहिलं, आणि माझ्या दोन रॅमचं मी स्वतः लेखी दिलं. बडे बाबू म्हणाले, "देण्याची गरज नव्हती." मला होती. तुम्ही या कामात असाल तर एक वही करा. मेलेल्या यंत्राचा एक स्क्रू जरी काढला तरी तारीख, कुठून, कुठे. माझी वही आता आहे. १८ जूनपासून.

तांत्रिक परीक्षण बाहेरच्या माणसाकडून लागतं. समितीने एका सरकारी संस्थेतल्या प्राध्यापकांना पत्र दिलं. त्यांच्याकडे परीक्षा, मग निकाल, मग प्रवेश. सात आठवडे. मी दर सोमवारी फोन करायचे, ते दर सोमवारी अत्यंत सौजन्याने "या आठवड्यात नक्की" म्हणायचे. ऑगस्टमध्ये आले, ४० मिनिटांत सगळं बघितलं, चांगलं बघितलं, आणि पोहे खाऊन गेले.

त्या सात आठवड्यांत मी जे केलं ते मात्र मनापासून सांगावंसं वाटतं. डिस्क पुसण्याआधी आत काय आहे ते बघणं. एका न्यायालयीन प्रकरणात २०१२ च्या पत्राची प्रत हवी होती आणि ती कागदावर मिळत नव्हती. जेल रोडच्या बाजारातून डिस्क यूएसबीला जोडायचा अडॅप्टर आणला. सॅटा आणि जुनी आयडीई या दोन्ही प्रकारच्या जोडण्या चालतील असाच घ्या, २००८ च्या आधीच्या बऱ्याच डिस्क आयडीई निघतात. ३७ पैकी २५ डिस्क फिरल्या. उरलेल्या बारा नुसत्या टकटक करायच्या, किंवा तेही नाही.

आत सगळं कृतिदेवमध्ये. आमच्या भागात सरकारी टायपिंग म्हणजे कृतिदेव ०१०, पिढ्यान्‌पिढ्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तो फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं दाखवतो. माणसाला हिंदी दिसतं, कॉम्प्युटरला मात्र ते इंग्रजीच वाटतं. फाँट काढला की इंग्रजी अक्षरांची नुसती जत्रा. त्यामुळे 'पेंशन' शब्द शोधला तर एकही फाइल सापडत नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तो शब्द तिथे नाहीच. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरलाही देवनागरीच वाटेल अशा रूपात, बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण डोळे झाकून विसंबू नका. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी उड्या मारतात, आणि पत्राच्या मधोमध असलेला खराखुरा इंग्रजी मजकूर, ईमेल पत्ता वगैरे, त्याचंही हिंदी करून ठेवतात. आकडे तर प्रत्येक वेळी मूळ फाइलशी ताडून बघावे लागतात. मी एकच उलटा मार्ग धरला. शोधायचा शब्द आधी कृतिदेवमध्ये टाइप करायचा, त्यातून जी इंग्रजी जत्रा तयार होते तीच सगळ्या फाइलींत शोधायची. पत्र दुसऱ्या दिवशी सापडलं. फोल्डरचं नाव होतं 'न्यू फोल्डर ४', त्याच्या आत 'न्यू फोल्डर', त्याच्या आत 'इम्पॉर्टंट'.

एका डिस्कमध्ये वेगळाच प्रकार दिसला. हिंदी पत्रांत जिथे 'प्राथमिक शाला' हवं तिथे सगळीकडे 'प्राथमिक शाळा'. कृतिदेवमध्ये ळ काढायला शिफ्ट दाबून जी दाबावं लागतं, म्हणजे हात चुकून जाणार नाही, मुद्दाम केलेलं. मला हसू आलं. तो कॉम्प्युटर वापरणारे आमचे एक काका २०१६ मध्ये निवृत्त झाले, रामबागेत राहतात. घरी जाऊन विचारलं. म्हणाले, "अगं, बोटं मराठीच ना. साहेब बदलत गेले, कुणाच्या लक्षात आलं नाही. एकदा भोपाळहून परत आलं पत्र, पण ते वेगळ्या कारणासाठी." काकूंनी चहा दिला. मी ती एक फाइल युनिकोड करून त्यांना प्रिंट दिली, 'ळ' न काढता.

एक गोष्ट इथेच सांगते, विषय निघालाय तर. टायपिस्ट युनिकोडला घाबरतात ते फाँटमुळे नाही, बोटांमुळे. त्यांना रेमिंग्टन या जुन्या टाइपरायटरच्या कळांची सवय. इन्स्क्रिप्ट हा वेगळ्या मांडणीचा कीबोर्ड शिका म्हटलं की चेहरा पडतो. युनिकोडमध्येच रेमिंग्टन गेल हा कीबोर्ड घालून द्या, बहुतेक कळा तिथेच राहतात. आमच्याकडे दोन जण असे एका आठवड्यात वळले. तिसऱ्या बाई अजून कृतिदेववर आहेत आणि सप्टेंबरमध्ये निवृत्त होतील, मी वाद घालत नाही.

सप्टेंबरमध्ये पुसणं. नुसतं फॉरमॅट केलं की झालं असं समितीलाही वाटत होतं. झटपट फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच राहतात. सगळ्या डिस्कवर नवं काहीतरी लिहून मिटवावं लागतं. बूट होणाऱ्या पेनड्राइव्हवर फुकटचं साधन मिळतं. चुंबकीय डिस्कला एक फेरी पुरते, तीन किंवा सात फेऱ्यांचा आग्रह जुन्या काळचा आहे. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कला एका फेरीला जवळपास दोन तास लागले. एसएसडी असेल तर ही पद्धत वापरू नका, त्याची स्वतःची सिक्युअर इरेज असते. आमच्याकडे प्रश्नच नव्हता, एसएसडी अपलेखनाला यायला अजून दशक आहे.

दोन यंत्रांवर मी धुणं लावल्यासारखी रांग लावली. सकाळी आल्यावर एक जोडी, जेवणाआधी एक, निघताना एक. मधे वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्या बारा मेलेल्या डिस्कना ड्रिल मशीनने आरपार भोकं पाडली, प्रत्येकी तीन, समितीसमोर, फोटोसह. इलेक्ट्रिशियन दादा आले होते. डोळ्यांवर गॉगल घालाच. मोठ्या डिस्कची आतली तबकडी सहसा ॲल्युमिनियमची असते, पण लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये ती काचेची असू शकते, आणि ती तडकते तेव्हा आवाज होतो आणि सगळे दोन पावलं मागे जातात. गेलेच. ३७ सिरियल नंबर, पुसल्याची तारीख, पद्धत, असा तक्ता केला. तो कुणी मागितला नव्हता. नोव्हेंबरमध्ये आक्षेप आला तेव्हा पहिला तोच मागितला.

१४ ऑक्टोबर आला आणि गेला, काही स्फोट झाला नाही. नवे कॉम्प्युटर जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून यायला नोव्हेंबर उजाडला. ती वेगळी कथा आहे आणि तिच्यात मी फक्त डबे उचलले.

विक्री. पहिल्याच दिवशी एक भंगारवाले भैया रोख घेऊन उभे होते, भावही बरा देत होते. पण ई-कचरा तसा विकता येत नाही. २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि माल नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच जायला हवा. रक्कम मोठी असेल तर एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीच्या ई-लिलावाचा रस्ता असतो, आमचा ढीग तेवढा नव्हता, तीन कोटेशनवर काम झालं. झालं म्हणजे दुसऱ्यांदा झालं. पहिल्या वेळी सर्वात जास्त भाव देणाऱ्याचं नोंदणी प्रमाणपत्र ऑक्टोबरमध्येच संपलेलं निघालं. त्यांनी झेरॉक्स अशी दिली होती की तारखेवर शिक्का. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नाव आणि मुदत स्वतः बघा, झेरॉक्सवर जाऊ नका. पुन्हा कोटेशन, तीन आठवडे.

लेखा शाखेचे आक्षेप दोन. चार यंत्रांचं खरेदीवर्ष नाही, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या यादीत का नाहीत. वर्ष बायॉसच्या तारखेवरून आणि सीपीयूच्या मॉडेलवरून 'अनुमानित' लिहून दिलं, मानलं गेलं. बॅटऱ्या यादीत नव्हत्या कारण त्या ई-कचऱ्यात येतच नाहीत. त्यांचे नियम वेगळे, २०२२ चेच, पण बॅटरी कचऱ्याचे. १९ बॅटऱ्या वेगळ्या तोलून वेगळ्या पावतीने गेल्या. ही टीप लिहिताना मला उगाचच वकील झाल्यासारखं वाटलं.

मंजुरी ३० डिसेंबरला. वजन ५१८ किलो भरलं. त्यात ९२ किलोचे सात जुने पेटीवाले मॉनिटर, त्यांना भाव शून्य, काचेत शिसं असल्यामुळे ते नेतात हेच उपकार. उरलेल्या ४२६ किलोंना ३४ रुपये दराने १४,४८४ रुपये. पंजीत या सगळ्याची खरेदी किंमत साडेअकरा लाखांच्या घरात आहे. पैसे ऑनलाइन चालानने सरकारात जमा झाले. माझे पदरचे गेले साधारण १,६०० रुपये, अडॅप्टर, दोन पेनड्राइव्ह, ड्रिलची पाती, गॉगल आणि देपालपूर धरून. मागायचे कुठल्या हेडखाली ते कुणालाच ठरवता आलं नाही, म्हणून मागितले नाहीत.

टेम्पो निघताना फाटकावरच्या गार्डने रजिस्टर पुढे केलं. माल नेणाऱ्याची सही झाली, सोडणाऱ्याची हवी. भंडारवाले काका संक्रांतीच्या रजेला जोडून गावी, बडे बाबू मीटिंगमध्ये. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. गार्ड म्हणाला, "मॅडम, आपही कर दो." ११४ पानांच्या नस्तीत माझं नाव कुठेही नाही. त्या फाटकाच्या रजिस्टरात मात्र आहे.

मग भंडार कक्ष झाडून घ्यायला दादा आत गेले. लोखंडी कपाट सरकवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ हाक, "मॅडम, जरा इकडे या." कपाटामागे भिंतीला टेकून आणखी एक सीपीयू उभा. नंबर नाही, स्टिकर नाही. पंजी उघडली, पुढून मागून बघितली, त्याची नोंदच नाही. आता याचं अपलेखन करायचं तर आधी त्याचं लेखन हवं, आणि लेखन करायचं तर बिल हवं. बडे बाबू मीटिंगमधून आले, दारातून आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दिवा बंद करून म्हणाले, "सोमवारी बघू."

आज बुधवार. कपाट पुन्हा जागेवर सरकवलेलं आहे.